अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल: तिला ‘रंगीत तालीम’ म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या मार्च महिन्यातल्या कॉलेज बास्केटबॉलवरचा आपल्या क्रीडा पानावरचा लेख वाचला. मायकेल जॉर्डनचा फोटो ऐसपैस होता, मजकूर आटोपशीर होता आणि एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेची माहितीही ठीक होती. पण तिच्या आदल्या आठवड्यात होणाऱ्या कॉन्फरन्स स्पर्धांची लेखकाने एका ओळीत बोळवण केली आहे. मुख्य स्पर्धेपूर्वीची रंगीत तालीम, म्हणे. सत्तरच्या दशकात नॉर्थ कॅरोलायनात राहून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची, म्हणजे एसीसीची, स्पर्धा ज्याने पाहिली आहे त्याला हे वाक्य पचणार नाही. मी १९७३ साली इचलकरंजीहून रॅली शहरातल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात टेक्स्टाइलचं पुढचं शिक्षण घ्यायला गेलो होतो. पोरगा सुतावर संशोधन करतोय, असं घरच्यांना वाटत होतं. करतही होतो. पण त्या गावात मार्चमध्ये सुताकडे लक्ष लागणं अवघडच होतं.

आधी व्यवस्था सांगतो, कारण सगळी गंमत आणि सगळी क्रूरता तिच्यातच आहे. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. गटातले संघ हिवाळाभर एकमेकांशी साखळी सामने खेळतात. तेव्हा एसीसीत ते एकदा घरच्या कोर्टवर, एकदा दुसऱ्याच्या असे होत. त्या काळी बहुतेक गटांत साखळीत पहिला आलेला संघच विजेता ठरायचा. एसीसीने मात्र साखळीनंतर तीन दिवसांची बाद स्पर्धा ठेवली आणि ती जिंकेल तोच गटाचा विजेता, असं ठरवलं. त्यात एनसीएएचा नियम असा, की राष्ट्रीय स्पर्धेत एका गटातून एकच संघ घ्यायचा. म्हणजे तुम्ही डिसेंबरपासून एकही सामना हरला नसाल, आणि मार्चच्या एका संध्याकाळी दोन गुणांनी हरलात, तर सामान बांधून घरी.

रणजी करंडकाच्या जुन्या वाचकांना यातलं निम्मं दुखणं ठाऊक आहे. १९५७-५८पासून विभागवार साखळी सुरू झाली आणि प्रत्येक विभागातून एकच संघ बाद फेरीत जाऊ लागला. पश्चिम विभागात मुंबई, आणि मुंबई १९५८-५९पासून सलग पंधरा वर्षं करंडक सोडतच नव्हती. महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र यांनी कितीही चांगलं खेळावं, हंगाम विभागातच संपायचा. १९७०-७१मध्ये प्रत्येक विभागातून दोन संघ घ्यायचं ठरलं आणि त्याच वर्षी महाराष्ट्र थेट अंतिम सामन्यात पोचला. समोर पुन्हा मुंबईच, आणि हरलोही, पण तो भाग वेगळा. दुसऱ्या क्रमांकाचा संघ किती चांगला असतो हे दार उघडल्यावरच कळतं. रणजीत निदान साखळीतला पहिला तरी पुढे जायचा. एसीसीत त्यालाही खात्री नव्हती.

हा गट मे १९५३मध्ये ग्रीन्सबरोजवळच्या सेजफील्ड इन या हॉटेलात जन्मला. सदर्न कॉन्फरन्समधून सात विद्यापीठं बाहेर पडली: क्लेम्सन, ड्यूक, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना, नॉर्थ कॅरोलायना स्टेट (हे आमचं, पुढे नुसतं ‘स्टेट’), साउथ कॅरोलायना आणि वेक फॉरेस्ट. त्याच वर्षाअखेरीस व्हर्जिनिया आलं आणि आठ झाले. बाद स्पर्धेला आठ हा आकडा सोन्यासारखा: गुरुवारी चार सामने, शुक्रवारी दोन, शनिवारी एक. पहिली स्पर्धा १९५४ साली रॅलीत आमच्या विद्यापीठाच्या रेनॉल्ड्स कॉलिझियममध्ये झाली. अंतिम सामन्यात स्टेटने वेक फॉरेस्टला जादा वेळेत ८२-८० असं हरवलं.

त्या स्टेट संघाचे प्रशिक्षक एव्हरेट केस. हा माणूस इंडियाना राज्यातला. तिथे शाळांच्या बास्केटबॉलला आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्यांइतकी गर्दी होते. तिथल्या एका शाळेला चार राज्य अजिंक्यपदं मिळवून देऊन ते १९४६मध्ये रॅलीला आले. रेनॉल्ड्सचा लोखंडी सांगाडा तेव्हा महायुद्धामुळे अर्धवट उभा होता. केसनी ते सभागृह आणखी मोठं करायला लावलं. १९४९मध्ये उघडलं तेव्हा बारा हजारांवर माणसं बसतील एवढी जागा झाली होती, आणि म्हणूनच १९५४पासून १९६६पर्यंत स्पर्धा तिथेच राहिली. जिंकल्यावर शिडी लावून बास्केटची जाळी कापायची आणि तुकडे वाटून घ्यायचे, ही इंडियानाची पद्धतही त्यांनीच तिकडे रुजवली. आज अमेरिकेत प्रत्येक विजेता संघ हे करतो, आणि टीव्हीवाले त्यासाठी कॅमेरा तयार ठेवतात.

केसना कर्करोग झाला. १९६४-६५चा हंगाम सुरू झाल्यावर दोनच सामन्यांनी त्यांनी काम सोडलं. त्या मार्चमध्ये स्टेटने अंतिम सामन्यात ड्यूकला ९१-८५ असं हरवलं. लॅरी वर्सली हा राखीव बाकावरून उठलेला गडी, त्याने ३० गुण केले. मग पोरांनी आजारी केसना उचलून बास्केटपाशी नेलं आणि जाळी त्यांच्या हातून कापवली. पुढच्या वर्षी ते गेले. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा पुरस्कार त्यांच्याच नावाचा आहे. मी पोचलो तेव्हा त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती, पण आमच्या कँटीनमध्ये त्यांच्याबद्दल लोक असे बोलत की आत्ताच बाहेर सिगारेट ओढायला गेलेत.

आता त्या एका दाराची कहाणी. १९५७मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा संघ अपराजित होता. उपांत्य सामन्यात वेक फॉरेस्टने त्यांना जवळजवळ गाडलंच होतं. लेनी रोझनब्लूथची बास्केट आणि तिच्यावर मिळालेला फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दलची मोफत फेक, यांनी ६१-५९ असे वाचले. पुढे याच संघाने राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दिग्गज विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला तीन जादा डावांनंतर एका गुणाने हरवून ३२-० अशी कामगिरी पुरी केली. ती एक बास्केट चुकली असती तर चेंबरलेनशी गाठच पडली नसती.

साउथ कॅरोलायना एवढं नशीबवान नव्हतं. १९७०मध्ये त्यांनी साखळीतले चौदाच्या चौदा सामने जिंकले. प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर, १९५७च्या त्या अपराजित संघाचेच. उपांत्य सामन्यात त्यांचा प्रमुख खेळाडू जॉन रोशचा घोटा मुरगळला. अंतिम सामना स्टेटशी. दोन जादा डावांनंतर ४२-३९ असे हरले आणि राष्ट्रीय स्पर्धेचं दार बंद. बास्केटबॉलमध्ये दोन जादा डाव खेळून एखाद्या संघाचे चाळीससुद्धा गुण होत नाहीत, यावरून तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत चेंडू बास्केटकडे फेकायची सक्ती, नसताना चेंडू किती वेळ दाबून ठेवत, ते ओळखा. दोनच वर्षांपूर्वी याच स्पर्धेत स्टेटने ड्यूकला १२-१० असं हरवलं होतं. हे आकडे छपाईची चूक नव्हेत, मुद्रितशोधकांनी कृपया हात लावू नये. १९७१मध्ये साउथ कॅरोलायनाने स्पर्धा जिंकली, एका गुणाने, आणि त्याच वर्षी एसीसी सोडली. प्रवेशाच्या किमान गुणांच्या अटीवरून वाद होते, फुटबॉलची गणितं होती. पण १९७०ची ती शनिवारची रात्र त्या राग-लोभात नव्हती, असं मला त्या राज्यातल्या कुणी कधी सांगितलं नाही.

एक गोष्ट कौतुकाच्या भरात राहून जाते, ती इथेच सांगतो. स्पर्धेच्या पहिल्या बारा वर्षांत आठ संघांतून एकही काळा खेळाडू खेळला नाही. विद्यापीठंच जवळजवळ गोऱ्यांची होती. मेरीलँडचा बिली जोन्स १९६५-६६मध्ये पहिला. नंतर नॉर्थ कॅरोलायनाचा चार्ली स्कॉट आला. १९६९च्या अंतिम सामन्यात ड्यूकविरुद्ध त्याने ४० गुण केले. मी गेलो त्या वर्षी सगळ्या राज्याचा लाडका होता डेव्हिड थॉम्पसन, शेल्बीकडचा काळा मुलगा, जन्म १९५४चा, म्हणजे स्पर्धेच्याच वयाचा. आमच्या घरमालकांच्या पिढीतली काही माणसं शेजारच्या घरात काळं कुटुंब आलेलं सहन करत नसत, आणि संध्याकाळी थॉम्पसनसाठी घसा बसेपर्यंत ओरडत. मला हे कोडं सुटलं नाही. गावाकडच्या वेशीचा विचार केला की फार परकंही वाटलं नाही.

थॉम्पसन उडायचा. दुसरा शब्द नाही. तेव्हा चेंडू वरून बास्केटमध्ये दणकन कोंबायला बंदी होती. म्हणून पाच फूट सात इंचांचा मॉन्टी टो हवेत उंच चेंडू फेकायचा, थॉम्पसन तो कड्याच्या वर झेलायचा आणि अलगद सोडून द्यायचा. शेजारी टॉम बर्लेसन, सात फुटांहून उंच, डोंगराळ भागातल्या न्यूलँड गावचा. १९७२-७३मध्ये हा संघ २७-० होता. एसीसी स्पर्धाही त्यांनीच जिंकली, मेरीलँडला दोन गुणांनी हरवून. पण थॉम्पसनला घेताना नियमभंग झाल्याने त्यांच्यावर राष्ट्रीय स्पर्धेची बंदी होती, म्हणून हरलेलं मेरीलँड पुढे गेलं. ते नशीब पुढच्या वर्षी व्याजासकट वसूल झालं.

९ मार्च १९७४, ग्रीन्सबरो. तिकीट मिळणं आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर होतं. देणगीदारांनाच ती पुरत नसत. आम्ही घरमालकांच्या बैठकीत टीव्हीसमोर बसलो. एसीसीचे सामने सी. डी. चेस्ली नावाच्या गृहस्थाच्या छोट्या प्रसारण जाळ्यावरून घरोघर पोचायचे, आणि मधे विमा कंपनीच्या जाहिरातीचं गाणं. ते त्या राज्यातल्या लहान पोरांनाही पाठ असायचं. आमच्या घरमालकांची मुलगी शाळेत शिकवायची. स्पर्धेच्या शुक्रवारी वर्गात टीव्ही ढकलत आणून मुलांना सामने दाखवायची तिथे रीतच होती. मुख्याध्यापक रागवत नाहीत का, असं मी विचारलं. म्हणाली, टीव्ही मुख्याध्यापकांच्याच खोलीतून आणतो.

समोर मेरीलँड: टॉम मॅकमिलन, लेन एलमोर, जॉन लुकास. प्रशिक्षक लेफ्टी ड्रिझेल, टकलू, पाय आपटणारे. आदल्या दिवशी त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाला धुऊन काढलं होतं. एसीसीच्या सर्वोत्तम पाचांत त्या वर्षी बर्लेसनऐवजी एलमोरला निवडलं होतं, आणि तो राग बर्लेसनने त्या रात्री काढला. ३८ गुण. थॉम्पसनचे २९. मेरीलँड सुरुवातीला बरंच पुढे होतं, स्टेटने गाठलं, मग बरोबरी, मग जादा वेळ. १००-१०१ अशा स्थितीत लुकासच्या हातून चेंडू गेला आणि शेवटी टोने दोन फ्री थ्रो टाकले. १०३-१००. दोन्ही संघ इतकं चांगलं खेळले होते की आमच्या बैठकीत पहिल्यांदा ओरडा झाला आणि मग कुणीतरी मेरीलँडबद्दल हळहळलं. स्टेटवाल्यांच्या घरात ही अघटित गोष्ट.

सामन्यानंतर ड्रिझेल स्टेटच्या बसमध्ये चढले आणि पोरांना म्हणाले की आता राष्ट्रीय विजेतेपद घेऊन या. त्यांनी आणलं. उपांत्य सामन्यात, तोही ग्रीन्सबरोतच, सलग सात वर्षं विजेता राहिलेल्या यूसीएलए या विद्यापीठाला दोन जादा डावांनंतर ८०-७७ असं हरवलं. मेरीलँड तेव्हा देशात चौथ्या क्रमांकावर होतं आणि घरी बसलं होतं. दुय्यम स्पर्धेचं निमंत्रण त्यांनी नाकारलं.

पुढच्या वर्षी एनसीएएने राष्ट्रीय स्पर्धा ३२ संघांची केली आणि एका गटातून दुसरा संघही घ्यायला सुरुवात केली. त्या रात्रीमुळेच हे झालं, असं नॉर्थ कॅरोलायनात सर्रास सांगतात. बैठकांतले ठराव एका सामन्याने होत नसतात, पण मेरीलँडसारखा संघ बाहेर राहिलेला साऱ्या देशाने पाहिला होता, हेही खरं. दैवगती पाहा: १९७५मध्ये स्पर्धा जिंकली नॉर्थ कॅरोलायनाने, दुसरी जागा मिळाली मेरीलँडला, आणि थॉम्पसनसकट राष्ट्रीय विजेतं स्टेट घरी.

आपल्या लेखातल्या जॉर्डनकडे येतो, कारण याच्यापुढचा मुद्दा त्याच्याच संघावरून स्पष्ट होतो. तो नॉर्थ कॅरोलायनात तीन हंगाम खेळला. एसीसी स्पर्धा जिंकली एकदाच, १९८२मध्ये, व्हर्जिनियाच्या राल्फ सॅम्पसनविरुद्ध ४७-४५. तोही चेंडू दाबून ठेवल्याचाच सामना. त्यावर इतकी ओरड झाली की पुढच्या हंगामात एसीसीने शॉट क्लॉक आणि लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषा करून पाहिली. १९८४मध्ये जॉर्डनचा संघ साखळीत १४-० होता. उपांत्य सामन्यात ड्यूकने त्यांना दोन गुणांनी हरवलं. १९७०मध्ये साउथ कॅरोलायनाचं आयुष्य जिथे संपलं तिथेच. पण आता दुसरं दार होतं. जॉर्डन निवांत राष्ट्रीय स्पर्धेत गेला, आणि त्या पराभवाची आज आठवणही कुणाला नाही. त्या वर्षी स्पर्धा जिंकली लेफ्टी ड्रिझेलनी, पाच अंतिम सामने हरल्यावर, पहिली आणि शेवटची. दार उघडलं ते न्याय्यच झालं, यात मला शंका नाही. पण ‘रंगीत तालीम’ हे वर्णन कुठे लागू पडत असेल तर ते त्या दाराच्या अलीकडच्या बाजूला, आणि तिथेही फक्त बड्या संघांना.

छोट्यांचं काय ते १९८३मध्ये दिसलं होतं. प्रशिक्षक जिम व्हॅल्व्हानोंच्या स्टेटने अटलांटात तीन दिवसांत वेक फॉरेस्टला एका गुणाने, जॉर्डनच्या संघाला जादा वेळेत आणि सॅम्पसनच्या व्हर्जिनियाला तीन गुणांनी हरवलं, आणि पुढे राष्ट्रीय अजिंक्यपदही घेतलं. १९९५मध्ये वेक फॉरेस्टच्या रँडॉल्फ चिल्ड्रेसने तीन सामन्यांत १०७ गुण केले, विक्रमच तो. आणि २०२४मध्ये, मी इचलकरंजीत नातवाच्या लॅपटॉपवर पाहत होतो, आमचं स्टेट दहाव्या मानांकनावर वॉशिंग्टनला गेलं. पुढे जायचं तर पाच दिवसांत पाच सामने जिंकणं, एवढाच मार्ग. लुईव्हिल, सिरॅक्यूज, ड्यूक. उपांत्य सामन्यात व्हर्जिनिया तीन गुणांनी पुढे, त्यांचा फ्री थ्रो हुकला, मायकेल ओकॉनेलने शेवटच्या क्षणी लांबून फेकलेला चेंडू फळीला लागून आत, बरोबरी, जादा वेळ, विजय. मग नॉर्थ कॅरोलायना, ८४-७६. १९८७नंतरचं पहिलं विजेतेपद. तिथून ते राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत गेले. हरले असते तर हंगाम संपला होता. या पोरांना विचारा रंगीत तालीम म्हणजे काय.

आता या गटात अठरा विद्यापीठं आहेत, त्यांत कॅलिफोर्नियातली दोन. अटलांटिक किनारा नेमका कुठवर पसरला आहे, हे भूगोलाच्या शिक्षकांनी पाहावं. २०१४मध्ये मेरीलँड पैशांसाठी बिग टेन गटात गेलं. लुकास-एलमोरच्या कॉलेजची आणि आमची ती वार्षिक गाठ सुटली. २०२५मध्ये स्पर्धेत अठरांपैकी पंधराच घेतले आणि गतविजेतं स्टेट त्या पंधरांतही बसलं नाही. ब्रुकलिन, वॉशिंग्टन, शार्लट असे दौरे चालू आहेत, आणि ज्या ग्रीन्सबरोत गट जन्मला तिथून त्याचं कार्यालयही २०२३मध्ये शार्लटला हललं. ग्रीन्सबरोची व्हाइट ओक ही डेनिमची गिरणी, १९०५मध्ये सुरू झालेली, २०१७च्या अखेरीस बंद पडली. माझ्या पिढीच्या टेक्स्टाइलवाल्यांना तिचं नाव तीर्थक्षेत्रासारखं होतं. गिरणी जाणं मी समजू शकतो, कापसाचे आणि मजुरीचे हिशेब मी आयुष्यभर केले आहेत. पण तिथलं कॉलिझियम अजून उभं आहे, माणसंही आहेत. स्पर्धा तिकडे नेमाने न ठेवण्याचं कारण मोठ्या शहरातल्या जाहिरातींपलीकडे मला दिसत नाही.

आपल्याला विनंती एवढीच. पुढच्या मार्चमध्ये जॉर्डनचा फोटो खुशाल छापा, पण आधीच्या आठवड्यात कॉन्फरन्स स्पर्धांच्या निकालांना अर्धा कॉलम द्या, आणि विजेत्याच्या नावापुढे त्याचं मानांकन लिहा. दहाव्याने पहिल्याला पाडलं हे त्याशिवाय वाचकाला कळणार नाही. एसीसीचा अंतिम सामना तिकडे शनिवारी रात्री असतो, आपल्याकडे रविवारची सकाळ. सोमवारच्या अंकाला वेळ भरपूर मिळेल.

आपला,
एक निवृत्त टेक्स्टाइल इंजिनिअर,
इचलकरंजी